काचेतून बघा

वाडाखोलच्या नर्सबाई विमला शिवलकर चिडल्या, की आधी पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचला जायचा आणि मग आवाज चढायचा. पदर खोचलेला दिसला की समोरचा माणूस सरपंच असो नाहीतर कुणाची सासू, तो गुमान आपली वाट धरायचा. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा हे खरं, पण उगाच चिडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. बाळंतिणीला नुसत्या पेजेवर ठेवणारी सासू, लशीच्या दिवशी पोरं बागेत लपवणारे बाप, मुदत संपलेल्या गोळ्यांचे डबे पाठवणारं तालुक्याचं ऑफिस, यांच्यावर चिडायचं नाही तर चिडायचं तरी कुणावर?

गाव रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या खाली, खाडीच्या पलीकडच्या अंगाला. भरती असली की तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालायची. ओहोटीला खाडीत मांडीभर चिखल आणि तर एका कुशीवर कलंडून पडलेली. मग अलीकडचा माणूस अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, मोटारीचा रस्ता व्हायचा होता, म्हणजे मागच्या तीन निवडणुका तो व्हायचाच होता. विमलाबाई गावात आल्या तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा विठू बोटीवर खलाशी. वर्षातून एकदा यायचा, वासाचे साबण आणायचा, महिनाभर झोप काढायचा आणि परत जायचा. मुलगा आजोळी शिकत होता. दोन वर्षांचं नर्सिंगचं शिक्षण आणि एक लोखंडी पेटी एवढ्या भांडवलावर बाईंनी इतकी वर्षं काढली होती, आणि गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर जन्मली होती.

पण एक गोष्ट त्यांना येत नव्हती, आणि ती येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पायांकडून येणारं मूल कसं सोडवायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पुस्तकात एकच ओळ होती: अशा बाईला रुग्णालयात पाठवावे. पुस्तक लिहिणाऱ्यानं ओहोटी पाहिली नसावी.

काही वर्षांमागे खालच्या वाडीतल्या तुळसाचं बाळंतपण असंच आलं. आधी पाय, मग कंबर, मग खांदे, आणि डोकं अडकलं. तर चिखलात होती. गावची सुईण चिमा बसलेली होती, ती बाळाचं अंग धरून ओढायला लागली. विमलाबाई शेजारी उभ्या होत्या. ओढणं बरोबर आहे की चूक, हेच त्यांना माहीत नव्हतं. "ओढ" म्हणावं तर भीती, "सोड" म्हणावं तर पुढे काय करायचं ते ठाऊक नाही. मुलगा होता. गेला. तुळसा वाचली, पण पुढे कधी रस्त्यात भेटली तर विमलाबाईच मान खाली घालून पुढे जायच्या, आणि घरी येऊन भांडी आपटायच्या. सरकारनं पांढरी साडी दिली, पेटी दिली, बिल्ला दिला, आणि जे द्यायला हवं होतं तेच दिलं नाही, हा राग त्यांच्या पोटात बसला तो बसलाच.

शहाऐंशी साल उजाडलं तेव्हा वरच्या वाडीतल्या गोदूबाईची सून जनी गरोदर होती. पौष सरता सरता विमलाबाईंनी तिचं पोट तपासलं, तर बरगडीखाली हाताला टणक, वाटोळं डोकं लागलं. मूल उभं होतं. अजून वेळ होता, फिरलं असतं तर फिरलं असतं. पण पुढच्या खेपेलाही डोकं तिथंच.

"गोदूबाय, हिला वेळ भरायच्या आधी रत्नागिरीला न्यायची," विमलाबाई म्हणाल्या. "मूल पायाळू येतंय."

झालं. हे सांगायला नको होतं. गोदूबाईचा चेहरा असा फुलला, जसा काही नर्सबाईंनी तिला मुंबईची चाळ लिहून दिली.

पायाळू म्हणजे भाग्याचं. पायाळू माणसाची लाथ बसली की धरलेली कंबर सुटते, हे तर सगळ्या कोकणाला ठाऊक. त्याला जमिनीखालचं पाणीही कळतं म्हणतात. गोदूबाईचं घर सड्याच्या टोकाला, खाली सगळा जांभा दगड. दोन विहिरी खणून झाल्या, दोन्हींत होळीनंतर बेडकाला अंघोळ होईल एवढंही पाणी राहत नव्हतं. अशा घरात पायाळू येतोय म्हटल्यावर काय विचारता!

"रत्नागिरीला नाय न्यायची," गोदूबाई म्हणाली.

"का?"

"थयसर पोट फाडतात. फाडून काढलेला कसला पायाळू? तो पायांनी आला पायजे, आमच्या घरात आला पायजे."

विमलाबाईंनी पदर खोचला. मूल मरेल म्हणून सांगितलं, सून मरेल म्हणून सांगितलं, तुळसाचं नाव काढलं. जनीच्या नवऱ्याला मुंबईला पत्र घातलं, तर त्याचं उत्तर आलं की आई म्हणेल तसं. जनी स्वतः खाली मान घालून कोळंबी सोलत बसलेली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी परतताना विमलाबाईंना एवढंच कळलं, की ही बाई गावातच बाळंत होणार, ती आपल्याच समोर होणार, आणि आपल्याला ते येत नाही.

नेमकं त्याच आठवड्यात परिपत्रक आलं. नर्सची नोंदणी पुढे चालू ठेवायची असेल तर मार्चअखेर उजळणी वर्ग केल्याचं प्रमाणपत्र जोडायचं. नाहीतर एक एप्रिलपासून सुईला हात लावायचा नाही आणि बाळंतपणाला बसायचं नाही. जिल्ह्यातल्या नर्सबाया कुरकुरल्या. कुणाच्या घरी लग्न, कुणाचं पोर दहावीला, आणि या वयात पाटी-दप्तर घेऊन कसलं शाळेत जायचं? एकट्या विमलाबाई खूश झाल्या. शिकवणार म्हणतायत, तर शिकूनच येते, असं म्हणत त्यांनी पेटी भरली आणि पहिल्या भरतीला तरीत बसल्या.

वर्ग रत्नागिरीत एका भाड्याच्या माडीवर भरायचा. तीन खिडक्या समुद्राकडे, समोरच्या भिंतीला काचेचं कपाट. वर्गाची सगळी व्यवस्था हरिश्चंद्र सुर्वे नावाच्या स्टोअरकीपरच्या हातात. हजेरी त्याच्याकडे, चहा त्याच्याकडे, प्रमाणपत्रांचा गठ्ठा त्याच्याकडे. माणूस तसा गोड बोलणारा, कपाळाला गंध, शर्टाच्या खिशाला चार पेनं.

पहिले दिवस कुटुंबनियोजनाच्या टार्गेटमध्ये गेले. एक साहेब आले, त्यांनी फळ्यावर आकडे लिहिले. दुसरे साहेब आले, त्यांनी तेच आकडे पुसून पुन्हा लिहिले. नर्सबाया मागच्या बाकांवर तांदूळ निवडावेत तशा गप्पा निवडत होत्या. विमलाबाईंच्या शेजारी गंगा नावाची, मूळची कऱ्हाडकडची नर्स होती. तिनं पहिल्या दिवशी स्वेटरची पाठ घातली होती आणि आता बाहीवर आली होती.

विमलाबाईंचं लक्ष मात्र फळ्यावर नव्हतं. ते कपाटात होतं. मधल्या फळीवर बाईच्या कमरेच्या हाडांचा सांगाडा ठेवलेला होता आणि त्याच्या शेजारी कापडी बाहुली, अगदी नवजात मुलाएवढी, हातपाय ढिले, मान लुळी. बाहुली त्या हाडांतून पार करायची आणि मूल कसं येतं, कुठं अडतं, हात कुठं घालायचा, ते शिकायचं. त्याचसाठी ती बनवलेली. बाहुलीच्या पायाला अजून कागदी चिठ्ठी लटकत होती. म्हणजे आल्यापासून तिला कुणाचा हातच लागला नव्हता.

मधल्या सुट्टीत त्या सुर्व्यांच्या टेबलाशी गेल्या.

"सुर्वे, कपाट उघडा. बाहुली हवी."

"कशाला?"

"पायाळू मूल कसं सोडवायचं ते बघायचंय."

सुर्वे हसले. "बाई, ती डेडस्टॉकची, सरकारी नोंदवहीतली वस्तू. हाताळून खराब झाली तर ऑडिटला उत्तर मी देऊ की तुम्ही?"

"मग ठेवलीय कशाला?"

"शिकवायला."

"मग शिकवा."

"अहो, काचेतून बघा ना! सगळं दिसतंय. काच मी स्वतः पुसतो रोज."

आता याला काय म्हणावं? तळपायाची आग मस्तकात जाते ती अशीच. पण विमलाबाईंनी तेवढ्यावर दात आवळले. जनीचे दिवस भरत आले होते आणि भांडण करून किल्ली मिळत नाही हे त्यांनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मागितलं, तेव्हा किल्ली घरी राहिली होती. तिसऱ्या दिवशी वरची परवानगी हवी होती. चौथ्या दिवशी परवानगी देणारे साहेब दौऱ्यावर होते.

"गप बसा की विमलाताई," गंगा सुयांवरून नजर न काढता म्हणाली. "कागद मिळाला की झालं. शिकून कुणाचं भलं झालंय?"

"जनीचं झालं असतं," विमलाबाई म्हणाल्या. गंगाला जनी कोण ते माहीत नव्हतं. तिनं विचारलंही नाही.

शेवटच्या दिवशी बाळंतपणाचा तास होता. शहरातल्या लेडी डॉक्टर नाटेकरबाई तो घ्यायच्या. त्या यायला अवकाश होता. सुर्वे टेबलावर प्रमाणपत्रं मांडून नावं घालत बसले होते. विमलाबाई उठल्या, टेबलाशी गेल्या आणि शेवटचं म्हणून विचारलं, "किल्ली देताय की नाही?"

"बाई, तुम्हाला प्रमाणपत्र मिळतंय ना? मग बाहुलीशी काय खेळायचंय या वयात?"

मागच्या बाकांवर दोघी-तिघी हसल्या. विमलाबाईंनी पदर खोचला. सुर्व्यांच्याच टेबलावरचं जाडजूड पेपरवेट उचललं, चार पावलं चालून गेल्या आणि कपाटाच्या काचेवर हाणलं.

आवाज एवढा झाला की खालच्या दुकानातला माणूस जिना चढून आला. काचेचे तुकडे जमिनीवर पसरले. सुर्वे "पोलीस, पोलीस" म्हणत उभे राहिले, पण पोलिसांना बोलवायला जावं तर मागे प्रमाणपत्रं उघडी पडलेली, म्हणून जागीच नाचत राहिले. आणि त्याच वेळी दारात नाटेकरबाई आल्या.

त्या बारीक चणीच्या, केस पांढरे, थकलेल्या. त्यांनी काचा पाहिल्या, बाहुलीला छातीशी धरून उभ्या असलेल्या विमलाबाईंना पाहिलं.

"कुणी फोडली?"

"मी."

"का?"

"माझ्या गावात एक पोर पायाळू घेऊन बसलीय. ती हॉस्पिटलात येत नाही, मला सोडवता येत नाही, आणि हा माणूस म्हणतो काचेतून बघा."

नाटेकरबाई काचांवरून पाय उचलत आत आल्या. मग त्यांनी पर्स खुर्चीवर टाकली. "हा वर्ग सुरू झाल्यापासून मी दर खेपेला ही बाहुली मागते," त्या म्हणाल्या, "आणि दर खेपेला किल्ली रजेवर असते. मीही मूर्ख, फळ्यावर चित्रं काढून जात होते. आता फुटलीच आहे तर आणा तो सांगाडा टेबलावर. सुर्वे, तुमचे कागद उचला."

त्यांनी शिकवलं ते असं. बेंबीपर्यंत मूल येईस्तोवर बोटही लावायचं नाही. आईला खाटेच्या काठावर घ्यायचं, म्हणजे मूल खाली लोंबू शकेल. पाठ वरच्या अंगाला राहते एवढं बघायचं. खांदे सुटले की त्याला त्याच्याच वजनानं लोंबू द्यायचं. मानेवरची केसांची रेघ दिसली, की मग पाय धरून हळूहळू वर उचलायचं, आईच्या पोटाकडे, म्हणजे तोंड, नाक, कपाळ असं एकेक मोकळं होतं.

"आणि ओढलं तर?" विमलाबाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांच्या घशात कित्येक वर्षं अडकला होता.

"ओढलं की हनुवटी वर होते आणि डोकं हाडात अडकतं. ओढणाऱ्यानंच मारलेलं असतं बहुतेक वेळा. करा तुम्ही."

विमलाबाईंनी बाहुली हाडांत घातली. खांदे आले आणि त्यांच्या हातांनी आपोआप खेचलं. बाहुलीचं डोकं खटकन अडकलं.

"हात मागे घ्या," नाटेकरबाई म्हणाल्या. "तापट दिसता. राग तोंडात ठेवा, हातात उतरू देऊ नका. पुन्हा."

पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. दुपार कलली. डॉक्टरबाईंचा दवाखाना उघडायची वेळ टळून गेली तरी त्या गेल्या नाहीत. विमलाबाईंचे हात जेव्हा स्वतःहून थांबायला शिकले तेव्हाच त्यांनी पर्स उचलली.

आणि या सगळ्या वेळात वर्गातल्या बाकीच्या नर्सबाया काय करत होत्या? त्या खिडक्यांकडे तोंड करून उभ्या होत्या. चौकशी झाली, काच कुणी फोडली म्हणून जबाब घेतले, तर आपण काही पाहिलंच नाही असं सांगता यावं, म्हणून सगळ्याजणी समुद्राकडे बघत राहिल्या. काच फुटलेली पाहायची नव्हती, म्हणून बाहुलीही पाहिली नाही. त्यांना संध्याकाळी प्रमाणपत्रं मिळाली. विमलाबाईंचं तेवढं सुर्व्यांनी मागे ठेवलं.

मार्च संपला तसा निरोप आला. तो सांगायला प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर तांडेल स्वतः आले. तरुण माणूस, स्वभावानं भला, पण कणा कुठेतरी कॉलेजात विसरून आलेला. "शिवलकरबाई, नोंदणी संपली. बाळंतपणं करायची नाहीत. गोळ्या वाटा, डास-मलेरियाचं बघा. मी वर लिहितोय, दुसरी नर्स पाठवतील."

"कधी?"

"पाठवतील."

"जनीचं पोट थांबणाराय का तोवर?"

डॉक्टर तांडेलांनी घड्याळात पाहिलं. भरती उतरायला लागली होती, आणि तर चुकवून चालणार नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला, भर दुपारी, गोदूबाईची शेजारीण धावत आली. जनी अडली होती. विमलाबाई निघाल्या. सड्यावर ऊन मी म्हणत होतं आणि खाडीत ओहोटी. मनाईचं त्यांच्या डोक्यात आलंच नाही असं नाही. आलं, आणि त्यांनी त्याला अशी शिवी हासडली की शेजारीण दचकून मागे पाहायला लागली.

खोलीत जनी जमिनीवर घोंगडीवर होती आणि पायांशी चिमा बसलेली. बाळाचा एक पाय बाहेर आला होता आणि चिमानं तो घट्ट धरला होता.

"सोड तो!" विमलाबाई गरजल्या.

"सोडू कशी? आत जाईल ना परत!"

"सोड म्हणते ना! आनि गोदूबाय, खाट आना आत."

"खाट? बाळातीन भुईवर होते, खाटेवर नाय. आमच्यात नाय चालत."

"तुमच्यात मेलेली पोरं चालतात काय?" विमलाबाई म्हणाल्या. "पायाळू हवा ना तुला? मग खाट आन. नायतर ही मी चालले, आनि देवीला सांग सोडवायला!"

गोदूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा निमूट ऐकलं. खाट आली. जनीला काठावर घेतलं. दुसरा पाय आला, कंबर आली, बेंबी आली. मुलगी होती. मग खांदे सुटले आणि मूल लोंबायला लागलं, निळसर, गप्प, आईच्या अंगात डोकं ठेवून.

"ओढ गो, ओढ!" चिमा ओरडली. "मरेल तो जीव!"

विमलाबाईंनी हात मागे घेतले. आयुष्यभर ज्या हातांनी दारं आपटली, भांडी आपटली, काच फोडली, ते हात त्यांनी आपल्याच छातीशी आवळून धरले. सगळं अंग ओढ, ओढ म्हणत होतं. जनी किंचाळत होती, सासू देवीला नवस बोलत होती, आणि विमलाबाई त्या लोंबणाऱ्या जिवाकडे बघत उभ्या होत्या आणि रागानं रडत होत्या. मग मानेवर ओल्या केसांची बारीक रेघ दिसली. त्यांनी पाय धरले आणि हळूहळू वर उचलले. हनुवटी आली, तोंड आलं, नाक आलं. तोंडातला चिकटा पुसला, पाठ चोळली, पुन्हा चोळली. पोर रडली.

"माझी बाय ती!" विमलाबाई म्हणाल्या, आणि मग खोलीतल्या सगळ्यांना, अगदी दाराबाहेर उभ्या असलेल्यांनाही, नावानिशी शिव्या देऊन घेतल्या.

बातमी खाडीपार जायला वेळ लागत नाही. दोन दिवसांनी डॉक्टर तांडेल आले. ओटीवर सगळे जमले. डॉक्टरांनी कुणाच्या डोळ्याला डोळा न देता विचारलं, "बाळंतपण कुणी केलं?"

"चिमानं केलंन," गोदूबाई चटकन म्हणाली. "नर्सबाय नव्हत्याच. काय गो चिमा?"

चिमानं मान हलवली. गोदूबाईच्या मनात कपट नव्हतं. ज्या बाईनं नात दिली तिची नोकरी राखायची, एवढंच तिला कळत होतं. डॉक्टरांनाही हायसं वाटलं. त्यांनी पेनचं टोपण काढलं. "ठीक. सुईण चिमा."

विमलाबाई ओटीच्या कडेला बसल्या होत्या. नुसतं गप्प बसायचं होतं. नोकरी राहिली असती, चार महिन्यांनी कुणाचं तरी मन वळून प्रमाणपत्रही आलं असतं. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं, बोलू नको म्हणून.

त्या उठल्या.

"मी केलं," त्या म्हणाल्या. "लिहा. विमला विठू शिवलकर, नोंदणी संपलेली, मनाई केलेली. हिच्या नावावर घालू नका डॉक्टर. आज चिमानं सोडवलं म्हणून लिहिलंत, तर उद्या पायाळू आला की सगळे चिमालाच बोलावतील, आणि चिमा ओढील. तिनं तुळसाचा मुलगा ओढला तेव्हा मी शेजारी उभी होते. मला येत नव्हतं म्हणून गप्प बसले. आता येतंय तर गप्प बसू काय?"

चिमा तोंडाला पदर लावून आत गेली. डॉक्टर तांडेल म्हणाले, "बाई, तुमचं नुकसान होईल."

"होऊ दे. आणि कुठं शिकले तेही लिहा. काच फोडून शिकले."

नुकसान झालं. महिन्याच्या आत त्यांना कामावरून दूर केलं. पेटी, बिल्ला, उकळायची भांडी, सगळं परत मागवलं. विमलाबाईंनी पेटी पुसून दिली आणि नेणाऱ्या शिपायाला वर चहाही दिला, कारण त्या बिचाऱ्यावर कशाला राग काढायचा. मग दार लावून त्या इतक्या ओरडल्या की शेजारच्या घरची गाय दावं तोडायला लागली.

मे महिन्यात नवी नर्स आली. प्रमाणपत्र असलेली, नोंदणी नवी केलेली, सगळं कसं नियमात. कऱ्हाडकडची गंगा.

पहिले आठ-दहा दिवस ती विमलाबाईंच्या दारावरून मान वळवून जायची. एके सकाळी मात्र ती अंगणात येऊन उभी राहिली. विमलाबाई उन्हात कोकमं पसरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"विमलाताई," गंगा म्हणाली, "खालच्या वाडीतली तुळसा पोटुशी आहे. आठवा सरत आलाय. डोकं वर लागतंय मला. रत्नागिरीला जा म्हटलं तर ती म्हणतीय, जाणार नाही, विमलाबाईंना बोलवा."

विमलाबाईंचे हात कोकमांतच थांबले.

"मग सोडव की," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे कागद आहे."

"मला येत नाही."

"त्या दिवशी दुपारभर शिकवत होत्या. तू त्याच खोलीत होतीस. कुठं बघत होतीस?"

गंगाचा आवाज अगदी खाली गेला. "समुद्राकडं."

विमलाबाईंनी पदर खोचला. मग जे काही तोंडातून निघालं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. खिडक्यांत उभं राहिलेल्यांना, सुर्व्यांना, साहेबांना, नियमांना, स्वेटरला, कुणालाच सोडलं नाही. गंगा तशीच उभी राहून ऐकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण गेली नाही. बोलून बोलून विमलाबाईंचा घसा बसला. तेव्हा त्यांनी घरातून बूड गेलेली एक जुनी टोपली आणली, विठूच्या जुन्या लुंगीचं मूल वळलं, दोऱ्यानं त्याची मान बांधली आणि ते गंगाच्या पुढ्यात टाकलं.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "घाल आत. पाय आधी."

गंगा बसली. तिनं कापडाचे पाय टोपलीतून बाहेर काढले, मग अंग, आणि खांद्यांशी आल्यावर घाबरून खसकन ओढलं. मान टोपलीच्या काठाला अडकली.

"मेलं!" विमलाबाई ओरडल्या. "तुळसाचं दुसरंही मारलंस! हात मागे घे. मी सांगेपर्यंत हात मागे."